आवककाकांचा चुकलेला सल्ला

आवककाका वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाकडे ढुंकूनही पाहत नसत. "मोठ्या अक्षरातल्या बातम्या नोकरी लागलेल्यांनी वाचाव्यात," असं म्हणत ते थेट आतलं पान उघडत आणि निविदा, नोटिसा, नावबदलाच्या जाहिराती यांच्या गर्दीत दडलेली एखादी चौकट हुडकून काढत: पदवीधर प्रशिक्षणार्थी पाहिजेत. सापडली की नारायण पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेच्या फळ्यावर ती सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवत.

एका सरकारी कचेरीच्या आवक विभागात त्यांची सगळी नोकरी गेली होती. बाहेरून आलेला कागद घ्यायचा, त्यावर तारखेचा शिक्का मारायचा, हे काम. म्हणून आवककाका. निवृत्तीनंतर ते अभ्यासिकेच्या दाराशी टेबल टाकून आमचे अर्ज तपासत. हे काम फुकट करत, आणि फुकट असल्यामुळे बोलण्यात कसलीही सवलत देत नसत.

मी यवतमाळहून संख्याशास्त्रात बी.एस्सी. होऊन आले होते. पुण्यात तेव्हा जो तो संगणक कंपन्यांच्या दारात उभा होता. तिथे इंजिनियर सोडून कोणाला कोणी विचारत नव्हतं. सरकारी कंपन्या मात्र वर्षभरासाठी प्रशिक्षणार्थी घेत, हे मी ऐकून होते. बाबांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर काही जमलं नाही तर परत यायचं, आणि परत आले की लग्न, हे कोणी न सांगताही मला कळत होतं. मला परत जायचं नव्हतं.

माझा पहिला अर्ज काकांनी लाल पेनानं रंगवून काढला. 'मी अत्यंत कष्टाळू व प्रामाणिक आहे' या ओळीवर येऊन थांबले. "हे आपण ठरवलंत? मग त्यांनी काय ठरवायचं?" ओळ गेली. तिच्या जागी आली कॉलेजात मी केलेली पाहणी, किती गावांची, कोणत्या विषयावर. मला राग आला होता, पण अर्ज चांगला झाला होता.

जाहिरातीची वाट पाहत बसणं त्यांना नामंजूर. "मागणारा आला तर घेतात, नाही आला तर त्यांचं अडत नाही," ते म्हणत. मग मी कात्रजच्या मावसबहिणीच्या घरून निघून एकेका कार्यालयात जाऊन विचारू लागले. सोमवारी जायचं नाही, साहेब बैठकीत असतात. शुक्रवारी जायचं नाही, साहेब मनाने घरी पोचलेले असतात. आणि अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. सप्टेंबर असाच गेला. चपलेचा अंगठा दोनदा शिवून घेतला.

ऑक्टोबरात हवी तशी जाहिरात आली. सरकारी कंपनी, संगणक विभाग, एक वर्ष. अर्ज ई-मेलने मागवले होते. काकांनी नाक मुरडलं. "ई-मेलवर शिक्का कोण मारणार? हातानं देऊन या." मी देऊन आले, शिक्काही मिळाला. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सहज फोन केला, तर उत्तर आलं, कागदी अर्ज विचारात घेतलेच नाहीत.

मी धावत अभ्यासिकेत आले. "काका, आपला अर्ज धरतच नाही म्हणते तिथली बाई."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "रडायचं असेल तर रडून घ्या. मग सायबर कॅफेत चला."

तिथे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ई-मेल पाहिला आणि लगेच मजकूर सांगायला सुरुवात केली: आपल्याच कार्यालयात मुदतीत दाखल केलेल्या अर्जाच्या अनुषंगाने. एवढ्यावर ते थांबतील तर शपथ. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून माझ्याबरोबर कंपनीत आले. साडेदहापासून आम्ही बाकावर बसून होतो. दीडच्या सुमारास भरतीचं काम पाहणाऱ्या बाईसाहेबांनी आत बोलावलं.

"हे आपले कोण?" त्यांनी मला विचारलं.

मी उत्तर देण्याआधीच काका उभे राहिले. "यांना चुकीचा सल्ला देणारा मी. शिक्षा द्यायचीच तर मला द्या, तशी सोय नसेल तर अर्जावरचा शिक्का बघा. तारीख मुदतीतली आहे, शिक्का आपलाच आहे."

उभ्या जन्मात ज्यांनी कोणाची आर्जवं केली नसावीत, ते काका माझ्यासाठी एका अनोळखी टेबलासमोर हात जोडून उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईसाहेबांनी शिक्का उजेडात धरून पाहिला आणि माझं नाव मुलाखतीच्या यादीत, सगळ्यात खाली, हाताने लिहिलं.

निवड झाल्याचं पत्र दिवाळीच्या चार दिवस आधी आलं. मी पेढे घेऊन गेले. काकांनी पत्र दोनदा वाचलं, त्यात एक चूक काढली आणि अर्धा पेढा खाल्ला. मी म्हणाले, "दर रविवारी येत जाईन." ते म्हणाले, "कशाला? ज्यांना लागली नाही त्यांची जागा अडवायला? आता इथं यायचं नाही."

काकांचा शब्द मोडायची मला सवय नव्हती. वर्षभराने तिथेच कायम झाले, तेव्हा मात्र राहवलं नाही. अभ्यासिकेच्या दाराशी टेबल नव्हतं. ग्रंथपाल म्हणाले, "उन्हाळ्यात गेले हो. चार महिने अंथरुणावर होते. आपल्याला कळवलं नाही कोणी?"

कोण कळवणार? मी तर येणंच सोडलं होतं. त्यांचा दुसराही एक सल्ला चुकीचा होता, आणि तो मी तंतोतंत पाळला.