आक्कांचं सोवळं

शेजारच्या आक्का ओलेत्याने घागर घेऊन नळावरून निघाल्या की आम्ही पोरं भिंतीला चिकटून उभी राहायचो. चुकून माझा फ्रॉक लागला तर "शिवलीस न्हवं, भवाने?" म्हणत त्या पुन्हा अंघोळीला वळायच्या. सांगलीतल्या आमच्या चाळीत इतकं कडक सोवळं दुसऱ्या कुणाचं नव्हतं. मूळच्या तासगावकडच्या, गळ्यात तुळशीची माळ आणि तोंड भलतंच फटकळ. देवसुद्धा त्यांना वचकून असावा, असं मला वाटे.

म्हणूनच माझी थोरली बहीण सुशी सारखे हात धुऊ लागली तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुकच केलं. "आक्कांचं वळण लागलं पोरीला," असं आई शेजारणींना सांगायची. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. पाणी सांडलं की मला धपाटा बसे, सुशीला मात्र सगळं माफ. पुढे ती वर्गातल्या बाकाला हात लावीना, कुणाजवळ बसेना. ऐन मॅट्रिकच्या वर्षी तिने शाळाच सोडली. तरी आम्ही म्हणत होतो, पोर देवभोळी आहे.

एका सकाळी ती नळाखाली हात चोळत होती आणि बोटांच्या भेगांतून रक्त येत होतं. पूजेचं पाणी घेऊन चाललेल्या आक्का थांबल्या. सुशी रडत म्हणाली, "आक्का, थांबायचं म्हटलं तरी थांबता येत न्हाई."

आक्कांनी घागर खाली ठेवली आणि तिचे दोन्ही हात धरले. आई धावत आली. "आवं आक्का, तुमचं सवळं..."

"माझं ऱ्हाऊ दे. हिचं ह्ये सवळं न्हवं," आक्का म्हणाल्या. "सवळ्यात जीव निवांत असतोय. हिचा जीव जळतोय."

त्यांनी तिला पायरीवर बसवलं, पण हात सोडले नाहीत. सुशी थरथरत होती, धुऊ द्या म्हणून विनवत होती. आक्का तिला माहेरच्या म्हशींच्या गोष्टी सांगत राहिल्या. थरथर ओसरल्यावर त्याच हातांनी तिला देवाला फूल वाहायला लावलं. "तसंच वाहा. द्येवाला मी सांगते."

हे रोज चाललं. अशा दुखण्याला डॉक्टर असतात हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? एकदा तर सुशी त्यांना कडकडून चावली. पण जूनमध्ये ती शाळेत परतली. धक्का लागेल म्हणून बसमध्ये कधी न चढलेल्या आक्का तिला गर्दीतून सोडायला जात. मला त्यांचा फार अभिमान वाटे.

आक्का गेल्या तेव्हा सुशी नोकरीला लागली होती. त्यांचा हात हातात घेऊन ती शेवटपर्यंत बसून राहिली. त्यांना नेल्यावर रिवाजाप्रमाणे सगळ्या बायका अंघोळीला गेल्या. सुशीने न्हाणीघराची कडी लावली, तशी आई दाराशी जाऊन उभी राहिली. पाणी थोडाच वेळ वाजलं. मग कडी निघाली.