मामांच्या हातचे उंदीर

लॅबमध्ये किस्से साचतातच. आमच्या कोल्हापूरच्या लॅबमधले बहुतेक उंदीरघरातले, आणि त्यातले जवळपास सगळे दत्तूमामांचे. मामा उंदरांची देखभाल करायचे. गाव राधानगरीकडचं, घरी चार म्हशी. नव्वदच्या दशकात माझी पीएच.डी. चालली होती. किडनीवर बसलेली इवलीशी अ‍ॅड्रीनल ग्रंथी किती स्टेरॉइड हार्मोन बनवते, ते उंदरांच्या रक्तात मोजायचं. मेख अशी, की उंदीर घाबरला की हार्मोन मिनिटांत चढतं. मला हवे होते निवांत उंदीर.

*

पहिल्या महिन्यात माझे सगळे आकडे आभाळाला टेकले. मामा म्हणाले, "म्याडम, परका हात लागला की म्हस पान्हा चोरती. ही तर उंदरं हाईत."

मग रोज सकाळी आठ वाजता मी नुसती उंदीर हातात घेऊन बसायची. माझे गाईड सर विचारायचे, "काम कधी सुरू?" उत्तर मामाच द्यायचे, "वळख चाललीया की!"

*

एका सोमवारी आकडे पुन्हा चढले. तीन दिवस मी केमिकल्स तपासली, मशीन तपासलं. चौथ्या दिवशी मामांच्या शेजारी उभी राहिले आणि वास आला. रविवारी कबनूरला भाचीचं लग्न झालेलं, तिथलं अत्तर! उंदरांना मामांचा हात परका झाला होता. अंगात अजून तोच शर्ट.

मामांना फार लागलं. पुढे पोटच्या पोरीच्या लग्नातही त्यांनी अत्तर लावून घेतलं नाही. "उद्या ड्युटी हाय," म्हणाले.

अख्ख्या महाराष्ट्रात एवढे निवांत उंदीर नव्हते, हे मी आजही छातीठोक सांगते.

*

शेवटी पुण्याहून परीक्षक आले. थीसिस चाळून म्हणाले, "एवढे कमी आकडे? उंदीर जिवंत होते ना? माझ्यासमोर करून दाखवा, मगच सही." त्या सहीवर माझं चार वर्षांचं काम अडकलं होतं.

सहा उंदीर त्यांनी स्वतः पकडले, दर वेळी हात मागे घेत घेत; सहा मामांनी. रक्त मी काढलं. दुसऱ्या दिवशी आकडे आले. मामांचे सहाही थीसिसमध्ये होते तसेच. साहेबांचे सहा दुपटीच्याही वर.

साहेबांनी सही केली. मग मामांना विचारलं, "तुमची युक्ती काय हो?"

"युक्ती कसली? उंदरं सोडा साहेब," मामा म्हणाले, "काल तुमचं रगत तपासाय पायजे हुतं."