लाल चमकीची बोट

एकदा कुणाच्या घरचा चहा प्यायला की माझ्या नवऱ्याला त्या माणसाला नाही म्हणता येत नाही. मला तो नाही म्हणू शकतो, ऑफिसातल्या साहेबालाही म्हणू शकतो, स्वतःच्या आईलाही एकदोनदा म्हणून झालेलं आहे. पण समोरच्याने हातात कप दिला की हा मिंधा झालाच. पुण्यात या स्वभावापायी आमच्याकडे एक विमा पॉलिसी आणि एकाच वेळी दोन पाण्याचे फिल्टर आले होते. 'भीड भिकेची बहीण' असं माझी आई त्याच्या तोंडावर म्हणायची आणि तोही हसायचा. न्यूझीलंडला आल्यावर तिसऱ्या वर्षी त्याच भिडेपोटी आमच्या दारात बोट आली.

बोटीचं वेड त्याला ऑफिसात लागलं. ऑकलंडमध्ये सोमवारी सकाळी सगळे मासे आणि बोटी यांवर बोलायचे आणि हा गाडी कधी क्रिकेटवर येते याची वाट बघत बसायचा. शेवटी कंटाळून त्याने ठरवलं, आपणही बोट घ्यायची. जुनी, परवडेल अशी. आमच्या घरात तोवर मासा शिजलेला नव्हता, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं. "शिकू ना," तो म्हणाला.

बोट बघायला मला त्याने बरोबर नेलं याला कारण होतं. भोसरीच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं फायबरग्लासच्या टाक्या तपासायचे. पर्समध्ये पाच रुपयांचं जाडजूड नाणं असायचं, त्याने टाकी वाजवत जायची. आतले थर धरून असले तर आवाज टणटणीत येतो, सुटले असले किंवा पाणी शिरलं असलं तर भद्द येतो. नंतर मशीनं आली, पण अडलं की साहेब म्हणायचे, "मॅडम, एकदा वाजवून बघा." इकडे आल्यावर मी पुष्कळ अर्ज केले. सगळीकडून उत्तर एकच, इथला अनुभव नाही. मग हेन्डरसन या उपनगरातल्या एका बेकरीत काउंटरवर उभी राहिले. पाव विकायची लाज वाटत नव्हती. भीती वाटत होती ती निराळीच. आपल्याला एकेकाळी काही येत होतं हे हळूहळू आपल्यालाच खोटं वाटायला लागतं. मला तसं वाटायला लागलं होतं. नाणं मात्र पर्समध्येच होतं.

बोटीचा मालक हेन्डरसनच्या पलीकडे राहायचा. सत्तरीचा, उंच, भर थंडीत जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेला माणूस. त्याने गराज उघडलं आणि आत ट्रेलरवर ती उभी होती. बुटकी, लांबट आणि लाल. रंगात चमकी मिसळलेली, त्यामुळे नवरीच्या शालूसारखी झगमगत होती. वर सपाट डेक, त्यावर चक्क गालिचा. ही अमेरिकन बोट आहे, मालक म्हणाला, बास नावाच्या माशासाठी बनवतात. कुणीतरी हौसेने इकडे आणली आणि मग कळलं, तो मासा न्यूझीलंडमध्ये मिळतच नाही. ज्या कामासाठी घडवली ते कामच या देशात नाही, हे ऐकल्यावर मला त्या बोटीबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

मालकाने नवऱ्याला इंजिन दाखवलं, ट्रेलरची चाकं दाखवली. मला त्याने बसायच्या जागेवरच्या उशा दाखवल्या. त्या त्याच्या बायकोने शिवलेल्या होत्या. ती पुढे बसायची, म्हणाला, आणि मासा लागला की माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायची. ती जाऊन वर्ष झालं होतं, तेव्हापासून बोट गराजबाहेर निघाली नव्हती. शिवण सुरेख होती, एक टाका इकडचा तिकडे नाही. मग "कपा टी?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता तो आत गेला.

तेवढ्यात मी नाणं काढलं. बाजू, पुढचं टोक, तळाचा जेवढा भाग हाताला लागला तेवढा, सगळं वाजवत गेले. आवाज टणटणीत. मागे आले. इंजिन ज्या उभ्या जाड फळीवर टांगलेलं असतं तिला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून आणि आतून फायबरग्लास, मध्ये लाकूड. सगळा जोर तिच्यावर येतो. वरच्या कोपऱ्यात आवाज बरा होता. इंजिनाच्या बोल्टांपाशी भद्द. खाली भद्द. इंजिनाचा खालचा भाग धरून हलवला, तर फळी श्वास घेतल्यासारखी आतबाहेर झाली. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाने आला, हे आता सांगायला हरकत नाही. कानाला सगळं आठवत होतं.

मी वळून नवऱ्याला सांगायला गेले, तर मालक ट्रे घेऊन आला होता. त्यावर कप, जॅम आणि त्याने स्वतः केलेली छोटी गोड धिरडी. इथे त्यांना पाइकलेट म्हणतात. नवऱ्याच्या हातात कप होता.

"अरे, हिचा ट्रान्सम कुजलाय," मी मराठीत म्हणाले. "लाकूड पार गेलंय. घेऊ नकोस."

"काय म्हणतेय?" मालकाने नवऱ्याला विचारलं. मला नाही.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, कपाकडे बघितलं. "उशा छान आहेत म्हणतेय," त्याने इंग्रजीत सांगितलं.

मला इंग्रजी येतं. मीच मग इंग्रजीत सांगितलं, की मागच्या फळीत पाणी शिरलंय आणि आतलं लाकूड कुजलंय. म्हातारा रागावला नाही. दुखावला. इतकी वर्षं आहे माझ्याकडे, तो म्हणाला, एकदाही दगा दिला नाही. हेही तो नवऱ्याकडेच बघून म्हणाला.

"सॉरी हं," नवरा त्याला म्हणाला. "ती जरा घाबरते. पाण्याची सवय नाही ना."

आणि बोट घेतली. सांगितलेल्या किमतीला, एक सेंटही कमी न करता. "स्वीट ऍज," म्हणजे झकास, म्हातारा म्हणाला आणि त्याचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ हलवत राहिला.

ट्रेलर जोडून आम्ही घरी निघालो. आरशात मागे लाल चमकी दिसत होती. बोट कुजकी निघाली याचा मला राग नव्हता, म्हाताऱ्याचाही नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. बेकरीत मला कुणी काही विचारत नाही, ते मी सोसत होते. पण माझा कान काय चीज आहे हे या देशात ज्या एकट्याला माहीत होतं, त्याने चहाच्या एका कपासाठी मला घाबरट ठरवलं होतं. याचा राग मला जन्मात आला नव्हता इतका आला.

पुढच्या शनिवारी तो बोट पाण्यात घालायला निघाला. मी शेजाऱ्याकडून ड्रिल मागून आणलं.

"अगं, चांगल्या बोटीला भोक पाडतेस?"

"चांगली असली तर बुजवून देईन."

मी बोल्टांच्या खाली आतल्या बाजूने भोक पाडलं. सुक्या लाकडाचा भुसा पिवळा, कोरडा येतो. इथे चहाच्या चोथ्यासारखं काळं, ओलं काहीतरी आलं. ड्रिल काढलं तसं भोकातून पाणी ओघळायला लागलं. बोट वर्षभर गराजमध्ये कोरडी उभी होती, आणि तिच्या पोटातून पाणी येत होतं. नवरा खाली बसून बघत राहिला. हे इंजिन भर पाण्यात फळीसकट निखळलं असतं तर काय झालं असतं, हे त्याला सांगायची गरज नव्हती. त्याला पोहता येत नव्हतं.

"तेव्हाच सांगायचं ना," तो शेवटी म्हणाला.

"सांगितलं होतं."

"मग जोरात सांगायचं."

मी ड्रिल पुसून शेजाऱ्याला परत देऊन आले.

त्या हिवाळ्यात मी ट्रान्सम नवा केला. दारातच, ताडपत्रीखाली, बेकरीची पाळी संपली की. नवऱ्याने इंजिन उतरवायला मित्र बोलावले, पुढचं मी केलं. फायबरग्लासची आतली साल कापली, कुजलेलं लाकूड छिन्नीने खरवडून बादल्या भरल्या, नवं प्लायवूड मापाने कापून रेझिन नावाच्या चिकट रसायनात बसवलं, वर फायबरग्लासचे थरावर थर दिले. रेझिनचा तो उग्र वास केसांत राहायचा. भोसरीला असताना त्याने डोकं दुखायचं, इथे मी उशीवर डोकं टेकलं की तो हुंगायचे. नवरा माझ्यासाठी चहा करून आणायचा आणि ताडपत्रीबाहेर उभा राहायचा. माफी त्याने मागितली नाही. मागितली असती तर मी दिली असती की नाही, मला माहीत नाही. उशा मी सोडवून, धुऊन परत जशाच्या तशा बसवल्या.

उन्हाळ्यात बोट पाण्यात गेली. मासे फारसे मिळाले नाहीत. इंजिनाने पूर्ण जोर घेतला आणि मागची फळी जागची हलली नाही, हे मी तिच्यावर हात ठेवून बघितलं. नवरा ऑफिसात सोमवारी काय सांगायचा ते मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर केव्हातरी न्यू लिनला राहणाऱ्या त्याच्या एका मित्राला, तोही पुण्याचाच, जुनी फायबरग्लासची बोट घ्यायची होती. अनुभवी माणूस म्हणून त्याने नवऱ्याला बरोबर चल म्हटलं. नवऱ्याने मलाही गाडीत बसवलं. कशाला ते बोलला नाही.

मालक आणि मालकीण दोघंही मोठी अगत्याची होती. "किया ओरा, या या," म्हणत त्यांनी आम्हाला अंगणात नेलं. बोट बघायच्या आतच मालकीणबाई किटली आणि कप घेऊन आल्या. बरोबर केकही होता. मित्राने कपाला हात घातला.

नवऱ्याने त्याचा हात धरला.

"थांब," तो मराठीत म्हणाला. मग मालकीणबाईंकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते, शब्द अडखळत होते, पण त्याने इंग्रजीत नीट सांगितलं, "चहा नंतर घेऊ. माझी बायको फायबरग्लासची इंजिनिअर आहे. आधी तिला बघू दे. ती नाही म्हणाली तर आम्ही घेणार नाही."

मी पर्समधून नाणं काढलं. बोट उत्तम होती. ट्रान्समच्या पहिल्या दोन ठोक्यांतच मला ते कळलं. तरी मी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळी बोट वाजवून बघितली. तिघंही माझ्याकडे बघत उभी होती आणि नवरा त्यांच्या पुढे, हात मागे बांधून. टेबलावर चहा निवत होता. मी निवू दिला.