निर्दोष गळा

फोटो स्टुडिओच्या मागच्या अरुंद खोलीत टचिंगमास्तरांनी उभी हयात इतरांचे चेहरे निर्दोष करण्यात घालवली. आधी निगेटिव्हवर पेन्सिलीने, पुढे संगणकावर. त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसाला कसलीच व्याधी उरत नसे. याला ते कला म्हणत.

बालवाडीत शिकवणाऱ्या त्यांच्या पत्नीच्या गळ्यावर बोराएवढी गाठ दिसू लागली, तेव्हा नणंदेने पहिला शेरा मारला, "वहिनी, घास अडकलाय की काय?" सगळे हसले. पत्नीही हसली.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासायला पाठवल्या. थायरॉइडच्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, नुसत्या नजरेखाली ठेवल्या तरी भागते, हे त्यांनी नीट समजावले. अहवाल मात्र अधांतरी आला: कर्करोग आहे असेही नाही, नाही असेही नाही.

"वर्षानुवर्षं एवढीच असेल, तर थांबून पाहता येईल. अलीकडे वाढली असेल, तर अर्धी ग्रंथी काढून तपासलेली बरी. आवाजाची नस जवळूनच जाते, तो धोका थोडा राहतोच. जुने फोटो आहेत?"

"आमच्या घरात दुसरं आहेच काय!"

घरी येऊन तिने सगळे अल्बम उलगडले. लेकीचे वाढदिवस, दिराचे लग्न, बालवाडीचे संमेलन. प्रत्येक फोटोत गळा नितळ.

"अहो, यात गाठ कुठेच कशी नाही?"

"मी राहू देईन होय?"

"म्हणजे तेव्हाच दिसली होती?"

"सावलीसारखं काहीतरी होतं. पुसलं."

"कधी?"

"दिवसभर गळेच पुसतो मी. कुणाचा कधी, ते कसं आठवणार?"

"मूळ फोटो?"

"जागा अडते गं. काढून टाकतो."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तुला वाईट वाटलं असतं."

गाठ जुनी असल्याचा पुरावा नाही म्हणून शस्त्रक्रिया ठरली. निघालेली गाठ निरुपद्रवी होती. नणंद म्हणाली, "बघ, उगाच घाबरलीस!" उत्तर द्यायला पत्नीकडे आवाज नव्हता, नस दुखावली होती. पुढेही खरखर गेली नाही. बालवाडीत दुसरी बाई आली, हिच्याकडे हजेरी आणि खडू-पाट्यांचे कपाट आले.

नव्या ओळखपत्राला फोटो हवा होता. मास्तरांनी दिवे मांडले, पडदा सरळ केला. ती पर्स उचलून समोरच्या स्टुडिओत गेली आणि परत येऊन फोटो त्यांच्या टेबलावर ठेवला. कंठाखाली व्रण ठसठशीत दिसत होता.

मास्तरांनी तो दिव्याखाली धरला.

"टचिंग राहिलंय की गं याचं."

ती काहीतरी म्हणाली. त्यांना ऐकू गेले नाही.