नेट बंद असताना आलेले अपडेट

सोमवारी दुपारी साडेबारा ते दीडच्या दरम्यान जुना जालना भागातील एका निवृत्त उर्दू मुख्याध्यापकांच्या घरच्या संगणकातील सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या. पोलिसांना हे शनिवारी कळले, तेही वेगळ्याच तक्रारीतून.

मी तेव्हा सायबर पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. केदारखेड्याच्या पन्नाशीच्या एक विधवा शेतकरी बाई अर्ज घेऊन आल्या. अर्जात संगणकाचा उल्लेख होता म्हणून दुसऱ्या ठाण्याने त्यांना आमच्याकडे पाठवले होते. मजकूर असा होता की, भाषांतर करणाऱ्या मुख्याध्यापकांनी विरुद्ध पक्षाशी संगनमत करून काम दाबून ठेवले आहे.

निजामाच्या काळात इकडचे जमिनीचे कागद उर्दूत होत. ते घाईचे, एकमेकांत मिसळलेले हस्ताक्षर वाचू शकणारी माणसे आता जिल्ह्यात मोजकीच आहेत. मुख्याध्यापक त्यांपैकी एक. बाईंच्या आजेसासऱ्यांच्या वाटणीपत्रात विहिरीचा निम्मा हिस्सा लिहिलेला होता. दिरांनी तो नाकारून त्यांची पाण्याची पाळी बंद केली होती. येत्या शुक्रवारी भाषांतर न्यायालयात दाखल करायचे होते. मुदत दोनदा वाढवून मिळाली होती. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. कागद आला नाही तर पुरावा बंद होणार होता, म्हणजे नंतर काहीच दाखल करता आले नसते.

"सोमवारी सकाळी त्यांचाच फोन आल्ता," बाई म्हणाल्या. "म्हणे झालंय, या, वाचून दाखवतो. मंगळवारी गेल्ते तर म्हणे उद्या या. बुधवारी गेल्ते, उद्या या. काल पण तेच. दारातूनच वापस. पाणी सुद्धा इचारलं न्हाई. इकले गेले साहेब ते. आमच्या भावकीनं फोडलंय त्यांना."

"पुरावा काय?"

"तोंड बघा ना जाऊन त्यांचं. नजर देत न्हाईत."

नजर न देणाऱ्या माणसांचा मला तीस वर्षांचा अनुभव होता. त्यातली निम्मी गुन्हेगार असतात, निम्मी लाजलेली. बसल्या जागी फरक कळत नाही. मी महिला शिपायाला सोबत घेतले. ती संगणक तपासणीचे प्रशिक्षण घेऊन आलेली होती. आम्ही मुख्याध्यापकांच्या घरी गेलो.

त्यांचे वय सत्तरच्या पुढे. काचबिंदूने डावा डोळा गेलेला, उजव्यावर भिंग धरून वाचत. टेबलावरच्या संगणकावर चादर टाकलेली होती आणि त्याची वायर भिंतीतून काढून ठेवलेली होती.

"कागद सलामत आहेत," त्यांनी कपाट उघडून वाटणीपत्र दाखवले. "माझं काम गेलं. बिलकुल गेलं. चार महिने रोज एक पान, जास्त डोळा देत नाही. आता शुक्रवारपर्यंत परत कुठून आणू?"

"मग बाईंना सांगितलं का नाही?"

त्यांनी वाटणीपत्र परत कपाटात ठेवले. "चाळीस वर्षं पोरांना सांगितलं, चूक झाली तर उभं राहून सांगा. आणि मी स्वतः चार दिवस दाराआड लपून राह्यलो."

शिपायाने आधी इंटरनेटची वायर काढलेली असल्याची खात्री केली, मगच संगणक सुरू केला. प्रत्येक फायलीच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरे चिकटली होती. एकही उघडत नव्हती. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीतली एकच चिठ्ठी होती: तीन दिवसांत पैसे भरले तर निम्मी रक्कम, नंतर पूर्ण. खात्रीसाठी एक फाईल फुकट उघडून मिळेल. ही रॅन्समवेअरची, म्हणजे फायली ओलीस धरणाऱ्या प्रोग्रामची, नेहमीची खूण. तिने पडद्याचे आणि चिठ्ठीचे फोटो काढले. काहीही पुसले नाही.

मी नेहमीच्या पद्धतीने चौकशी सुरू केली. "सोमवारी सकाळपासून काय काय केलं, तेवढंच सांगा. क्रमानं."

न्यायालयाला उर्दू आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी हवा होता. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते जमत नव्हते. ओळखीच्या टायपिंगवाल्याने नव्याची फुकटातली प्रत पेन ड्राइव्हवर दिली आणि सोबत चिठ्ठी: आधी अँटिव्हायरस बंद करा. त्यांनी तो बंद केला. थोड्याच वेळात पडद्यावर सूचना आली की संगणक अपडेट होत आहे, बंद करू नका.

"मी कशाला हात लावू? नमाज पढून आलो तरी चालूच होतं. म्हटलं, होऊ द्या बराबर. झालं तर हे असं. घाबरून वायरच उपटली."

पंचनाम्यात लिहायचे म्हणून मी विचारले, "नेट कोणाचं आहे घरात?"

"नेट कुठलं साहेब? गटारीच्या खोदकामात रविवारीच वायर तुटली. केबलवाला बुधवारी उगवला. फोन माझा हा, बटनांचा."

शिपायाची लेखणी थांबली. "सर, नेट नव्हतं तर अपडेट आलं कुठून?"

ते अपडेट नव्हतेच. पडद्यावर तसले चित्र दाखवून मागे फायलींना कुलपे लावली जात होती. दुसरी गोष्ट तिने बाहेर आल्यावर सांगितली. हा प्रोग्राम आपल्या मालकाच्या सर्व्हरकडून प्रत्येक संगणकासाठी वेगळी चावी मागवतो. सर्व्हर सापडला नाही तर स्वतःजवळची ठरलेली चावी वापरतो, आणि ती सगळीकडे एकच असते. अशा काही चाव्या तज्ज्ञांनी शोधून मोफत दिलेल्या आहेत. पैसे मागणाऱ्या चिठ्ठीतल्या ओळख क्रमांकाची शेवटची अक्षरे ठरलेल्या चावीचीच होती.

त्याच संध्याकाळी टायपिंगवाल्याला बोलावले.

"सगळ्यांनाच देतो साहेब. सेवा म्हणून. सरांकडून तर चहा पण घेतला न्हाई."

"कुठून आणलंत?"

"हाय एक साईट. तिथं सगळं फुकट भेटतं."

"स्वतः चालवून बघितलं?"

"न्हाई. आपलं जुनं चांगलं चालू हाय की!"

पेन ड्राइव्ह जप्त केला. रविवारी शिपायाने संगणकाची डिस्क काढून तिची पूर्ण नक्कल केली आणि मूळ डिस्क मोहोरबंद केली. काम नकलेवर झाले. आधी तो प्रोग्राम काढला. तो राहिला असता तर उघडलेल्या फायलींना पुन्हा कुलूप लागले असते. मग मोफत मिळणारे उघडण्याचे साधन चालवले. मेल आणि बँकेचे पासवर्ड मुख्याध्यापकांच्या सुनेच्या फोनवरून बदलून घेतले, कारण असल्या प्रोग्रामसोबत पासवर्ड चोरणाराही येतो. सोमवारी दुपारी भाषांतराची फाईल उघडली. पाने पूर्ण होती. मुख्याध्यापकांच्या संगणकात नवी डिस्क बसवून त्यावर सगळे नव्याने टाकून दिले.

बाईंना ठाण्यात बोलावले. मुख्याध्यापक आधीच येऊन बसले होते.

"काय मास्तर, चार दिवस उद्या उद्या! एक शब्द बोलला असता तर मी काय फासावर देत होते?"

"फासावर नाही, पण पोलिसात तर दिलंच की."

बाई हसल्या आणि अर्ज मागे घ्यायला कागद मागितला. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मुख्याध्यापकांचा शिरस्ता असा की, छापण्याआधी सगळे भाषांतर ज्याचे त्याला वाचून दाखवायचे. ते ठाण्यातच वाचले गेले. विहिरीचे कलम बाईंनी दोनदा वाचायला लावले.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदवलेला गुन्हा पुढे 'अ' समरीत गेला, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. सर्व्हर परदेशात होते. या प्रकरणानंतर मी तक्रारदाराला पहिला प्रश्न 'संशय कोणावर' असा विचारणे सोडले. घटनेच्या आधीच्या तासाभरात काय केले, हे आधी विचारू लागलो. संगणकाच्या बाबतीत तीनच गोष्टी सांगत आलो. खूण दिसताच नेट तोडा, पैसे भरू नका, घाईने डिस्क पुसू नका. महत्त्वाच्या कामाची प्रत संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर ठेवा, हे त्याच्याही आधी. त्या रविवारी वायर तुटली नसती तर आम्हाला ती फाईल उघडता आली नसती. हे मी मुख्याध्यापकांनाही स्पष्ट सांगितले होते.

त्या शुक्रवारी न्यायालयात विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी हरकत घेतली: व्हायरस लागलेल्या संगणकातला मजकूर खरा कशावरून? मुख्याध्यापक पिंजऱ्यात उभे राहिले. त्यांनी मूळ वाटणीपत्र मागून घेतले, उजव्या डोळ्यापाशी भिंग धरले आणि विहिरीचे कलम आधी उर्दूत, मग मराठीत वाचले. न्यायाधीश समोरच्या भाषांतरावर बोट ठेवून ऐकत होते. दोन्ही मजकूर जुळले. हरकत फेटाळली गेली आणि भाषांतर त्याच दिवशी पुराव्यात दाखल झाले.