तेवीसला दिसणारा सुळा

देवाने आधी वरचा सुळा घडवला आणि मग तो ठेवायला जागा हवी म्हणून माणूस केला, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. मामा अहमदपूरला एसटी स्टँडामागच्या खोलीत कवळ्या बनवतात. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, सुळे राहतात. माझ्या लग्नात आहेर हातात देण्याआधी त्यांनी माझा ओठ वर करून पाहिला आणि भर मांडवात जाहीर केलं, "जावाई, सुळा खानदानी हाय तुमचा!" एकदा लातूरला निघाले, तर एसटीत समोरचा प्रवासी हसरा निघाला. त्याचे सुळे बघता बघता मामा थेट निलंग्याला पोचले. चहा येईपर्यंत खडूचा सुळा कोरणं हा त्यांचा विरंगुळा. "म्होरले दात पाटीवानी चपटे. सुळ्याला एकच टोक, अन् त्येची मागली उतरण लांब. म्हणून डावा सुळा उजवीकडं चालत न्हाई. मूळ तर सगळ्यात लांब. ओठाचा कोपरा त्येच्याच जिवावर हाय!"

कवळी बसवली की ते गिऱ्हाइकाला एकवीसपासून पुढे मोजायला लावतात. 'वीस' म्हणताना ओठ फाकतात आणि सुळा दिसतो. ही युक्ती त्यांना मामींना बघायला गेले तेव्हा सुचली होती. मामींचा डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला. त्यापायी दोन स्थळं परत गेलेली, म्हणून घरच्यांनी त्यांना तोंड मिटून बसायला बजावलं होतं. मामांनी स्वयंपाकाचं काही न विचारता एकवीसपासून आकडे मोजायला सांगितले. बिचारीला वाटलं, गणिताची परीक्षा आहे. एकवीस, बावीस ओठ आवळून काढले; तेवीसला सुळा दिसला आणि मामा म्हणाले, "पसंत!"

यंदा मामींचे वरचे दात गेले. मामांनी हौसेने कवळी करायला घेतली, डावा सुळा होता तसाच, चढलेला. मामींनी मेणातला नमुना पाहिला आणि त्यांचे डोळे भरले.

"सरळ करा त्यो."

"अगं, त्यो बघूनच तर हाव म्हणलो मी."

"तुम्ही नुसता बघितलाव. मला त्यो घेऊन लोकांत बसावं लागलं. उभा जन्म तोंडावर पदर धरला."

मामा दोन दिवस खडूचे डावे सुळेच कोरत बसले. मग त्यांनी सुळा सरळ केला.

कवळी बसवली तेव्हा मी तिथेच होतो. मामा म्हणाले, "मोज." मामींनी सवयीने पदर उचलला, मग हसून खाली सोडला आणि खणखणीत आवाजात एकवीसपासून तीसपर्यंत मोजलं. इतकं मोकळं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. मामाही "झकास!" म्हणाले.

तेवीसला मात्र मामांनी मान खाली घातली होती.