आधीच तयार ठेवलेली श्रद्धांजली

बातम्यांच्या चॅनलमध्ये व्हिडिओ कापून जोडणाऱ्या त्या माणसाला सगळे कात्रीच म्हणत. नामवंतांच्या श्रद्धांजल्या ते जिवंत असतानाच तयार ठेवायच्या, हेही त्याचंच काम. माणूस गेला की फक्त तारीख टाकायची.

एक नामवंत गायिका गेल्याची बातमी सकाळी आली, तेव्हा तिचीही श्रद्धांजली तयारच होती. गाता गाता स्टेजवर तिचा तोल जातो तो तुकडा वर्षभरापूर्वी त्यानेच कापला होता आणि खाली लिहिलं होतं, 'नशेत झिंगली'. चॅनलने तो महिनाभर दळला.

"तोच ठेव," साहेब म्हणाले. "फक्त खाली लिही, 'आजारपणातही गात राहिली'."

त्याने लिहिलं. तेवढ्यात मावशीचा फोन आला. "सोन्यासारख्या पोरीला या मेल्यांनी जगू दिलं नाही रे," म्हणत ती हमसून रडली. नशेचा तो व्हिडिओ झाडून सगळ्या नातेवाइकांना हिनेच पाठवला होता. कात्री नुसता "हो ना" म्हणाला.

दुपारी स्टुडिओत एक नवी गायिका श्रद्धांजलीचं गाणं गायला आली. अगदी कोवळी पोर. वरच्या सुरावर तिने डोळे मिटले, जराशी डळमळली आणि माइकची दांडी धरून सावरली.

काचेमागून साहेब बघत होते. "हिची फाइल उघडून ठेव," ते हळूच म्हणाले.

कात्रीने मान हलवली. डळमळण्याचा तो तुकडा त्याने केव्हाच कापून ठेवला होता.